सरकारने मागणी वाढवली म्हणतात, मग ती माझ्या दुकानापर्यंत का येत नाही?

लालबागमध्ये घरगुती विद्युत उपकरणांचे दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांनी विचारले आहे: 2025 मध्ये प्राप्तिकर कमी झाला, रिझर्व्ह बँकेने व्याजदर उतरवले, जीएसटी घटला. मागणीला चालना मिळाली असे सगळीकडे छापून आले. दिवाळीत धंदा बरा झाला हे खरे, पण त्यानंतर दुकान पुन्हा थंड पडले. मग ही मागणी जाते कुठे? आणि व्याज स्वस्त झालेच आहे, तर उन्हाळ्याचा माल भरण्यासाठी कॅश क्रेडिटची (मालावर बँक देते त्या, लागेल तेवढे उचलायच्या कर्जाची) मर्यादा वाढवून घेऊ का?

मी 1985 साली सरकारी बँकेत लागलो आणि 2021 मध्ये निवृत्त झालो. बहुतेक काळ कर्जखात्यात गेला, त्यातली सुरुवातीची काही वर्षे तुमच्याच लालबाग-परळच्या पट्ट्यात. त्यामुळे हा प्रश्न मला खातेवहीतून जास्त कळतो, पुस्तकातून कमी. मर्यादेचे उत्तर शेवटी देतो, कारण ते पहिल्या प्रश्नातूनच निघते.

आधी तुमची दिवाळी तपासू. जीएसटी कमी होणार असे पंतप्रधानांनी 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून सांगितले. जीएसटी परिषदेचा निर्णय 3 सप्टेंबरला झाला आणि नवे दर 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी लागू झाले. म्हणजे मधले 38 दिवस गिऱ्हाइकाला ठाऊक होते की आज घेतले तर महाग पडेल. नेमके त्याच काळात, 27 ऑगस्टला, गणपती बसले. घरी पाहुणे येणार म्हणून ज्याला नवा टीव्ही घ्यायचा होता, त्याने जुन्यावरच भागवले. तुमचे ऑगस्ट-सप्टेंबरचे विक्रीचे आकडे काढा आणि मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवा, खड्डा दिसेल. दिवाळीच्या गल्ल्यात त्या खोळंबलेल्या खरेदीचा एक भाग होता आणि दुसरा भाग उन्हाळ्यात होणाऱ्या खरेदीचा, जो दर उतरले म्हणून आधीच उरकला. विक्री झाली ती खरीच, पण तिच्यातली नव्याने जन्मलेली किती आणि नुसती जागा बदललेली किती, हे वेगळे करून पाहायला हवे.

शिवाय तुमच्या दुकानातल्या बऱ्याच मालाला या कपातीचा संबंधच नव्हता. फ्रीज, वॉशिंग मशीन, मिक्सर, गिझर हे सगळे जुलै 2018 मध्येच 28 टक्क्यांवरून 18 वर आले होते. या वेळी उतरले ते एसी, मोठे टीव्ही, डिशवॉशर. करापूर्वी 30,000 किमतीचा एसी 38,400 ला पडायचा, तो 35,400 ला आला. फ्रीज घ्यायला आलेल्याला 'यावर काही कमी झालेले नाही' हे समजावताना तुमचा किती घसा बसला असेल याची कल्पना आहे.

खरेदी अशी पुढेमागे सरकण्याचा सगळ्यात ठळक नमुना मुंबईनेच पाहिला आहे. सप्टेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने घरखरेदीवरचे मुद्रांक शुल्क 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणले, डिसेंबरअखेरपर्यंत. जानेवारी ते मार्च 3 टक्के आणि एप्रिलपासून पुन्हा जैसे थे. एक कोटीच्या घरामागे तीन लाख वाचत होते. डिसेंबरात एकट्या मुंबईत 19 हजारांवर दस्त नोंदले गेले. तेव्हा मी गृहकर्जाच्या विभागात होतो आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मंजुरीपत्रे छापता छापता आमच्या प्रिंटरने मान टाकली होती. समोर बसलेल्या प्रत्येकाला मी एकच विचारायचो, सवलत नसती तर घर घेतले असते का? बहुतेकांचे उत्तर 'हो, पण पुढच्या वर्षी' असे असायचे.

म्हणून ती सवलत वाया गेली असे मी म्हणणार नाही. टाळेबंदीनंतर बिल्डरांकडे तयार घरे पडून होती, पैसा अडकला होता, साइट बंद होत्या. पुढच्या वर्षीची खरेदी या वर्षी ओढून आणल्यामुळे तो पैसा सुटला, काम सुरू झाले, मजूर परतले. गाडी बंद पडली असेल तेव्हा धक्का द्यायचा असतो. पण इंजिनात इंधनच कमी असेल, तर माणसे लावून ढकलत किती अंतर जाणार? तात्पुरती सवलत ठप्प झालेल्या बाजाराला उपयोगी पडते; लोकांचे उत्पन्नच हळू वाढत असेल तिथे ती फक्त तारखा बदलते.

आता मुख्य गोष्ट. पैसा किती सोडला यापेक्षा तो कोणाच्या हातात पडला आणि त्या हाताने मूठ उघडली का, यावर सगळे ठरते. हे मी लालबागमध्येच शिकलो, तेही उलट्या बाजूने. मी लागलो तेव्हा गिरण्यांचा संप सुरू होऊन तीन वर्षे उलटली होती. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले होते. पगार बंद झाले ते गिरणीतले. पण आमच्या शाखेत थकलेली खाती कोणाची होती? खाणावळ चालवणाऱ्या बायकांची, किराणावाल्याची, शिंप्याची, हप्त्याने घड्याळे आणि ट्रान्झिस्टर विकणाऱ्याची. यांच्यापैकी एकानेही संप केला नव्हता. एका खाणावळवाल्या बाईंचे कर्ज होते चार आकडी. त्यांच्याकडे जेवणारे बारा गिरणी कामगार गावी निघून गेले आणि मागोमाग त्यांची किराण्याची उधारी थकली, मग किराणावाल्याचा आमच्याकडचा हप्ता. वसुलीला गेलो की प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवायचा, आणि प्रत्येकाचे बोट बरोबर असायचे.

अर्थशास्त्रात याला गुणक म्हणतात. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सने 1930 च्या दशकातल्या मंदीत हाच विचार मांडला की एकाचा खर्च हे दुसऱ्याचे उत्पन्न असते, त्यामुळे सगळ्यांनी एकदम हात आखडला की सगळेच गरीब होतात, आणि अशा वेळी सरकारने खर्च करावा. हिशेब सोपा आहे. समजा प्रत्येकजण हाती आलेल्या 100 रुपयांतले 60 खर्च करतो. सरकारने 100 रुपयांचे काम काढले, तर पहिले 100, मग 60, मग 36, असे करत एकूण 250 रुपयांचे उत्पन्न तयार होते. पण सरकारने काम न काढता 100 रुपयांचा कर माफ केला, आणि ज्याला माफ केला तो त्यातले 30 च खर्चून 70 बाजूला टाकणारा असेल, तर साखळी 30 पासून सुरू होते आणि 75 ला संपते. तेच 100 रुपये 90 खर्च करणाऱ्याला दिले, तर 225. हे माझे समजुतीचे आकडे झाले. प्रत्यक्ष भारतासाठी राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेच्या 2013 च्या अभ्यासात भांडवली खर्चाचा गुणक 2.45 आणि थेट वाटपाचा 0.98 निघाला होता. केंद्राने रस्ते, रेल्वे यांवरचा खर्च का वाढवला ते यावरून कळते. 2019-20 मध्ये केंद्राचा भांडवली खर्च सुमारे 3.4 लाख कोटी होता. 2025-26 च्या अर्थसंकल्पात तो 11.21 लाख कोटी धरला होता.

इथे तुम्ही म्हणाल, मग मुंबई तर गेली दहा वर्षे खणलेलीच आहे, माझा गल्ला का भरला नाही? बरोबर. आरे ते कफ परेड ही 33.5 किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण सुरू झाली. खर्च 37 हजार कोटींच्या घरात. त्यातले भुयार खणायचे अवजड यंत्र परदेशी तंत्राचे, पोलाद दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यातले आणि काम करणारा मजूर बिहार, झारखंड, ओडिशाचा, साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत राहणारा. तो पगारातले जमेल तितके घरी पाठवतो. त्याच्या गावच्या तालुक्याला कुणीतरी त्याच पैशाने पंखा घेतला असेल. मागणी जाते कुठे म्हणून विचारलेत ना? बराचसा भाग तिथे जातो, आणि त्यात वाईट काही नाही. देशाच्या हिशेबात तो पंखाही विक्रीच आहे. फक्त दुकान तुमचे नाही.

पैशाचा हाच शहरातून गावाकडे जाणारा प्रवास महाराष्ट्राने पूर्वी मुद्दाम करून दाखवला आहे, आणि त्याचा पुरावा मुंबईतल्या प्रत्येक पगारपत्रकावर असतो. दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300, असा जो व्यवसाय कर कापला जातो त्याचा कायदा 1975 चा. 1972 च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. तिला कायमचा पैसा हवा म्हणून शहरातल्या नोकरदारावर हा कर बसवला. नंतर तिचा स्वतंत्र कायदा झाला आणि 2005 मध्ये केंद्राने देशभरासाठी त्याच धर्तीचा कायदा केला. मुंबईच्या नोकरदाराचा दोनशे रुपयांचा सिनेमा कमी झाला आणि ते पैसे ज्याच्याकडे गेले त्याने दुसऱ्याच दिवशी ज्वारी घेतली. मागणीचे धोरण म्हणून मला आजवर यापेक्षा शहाणे काही दिसलेले नाही. काम मागेल त्याला काम, त्यामुळे दुष्काळात खर्च आपोआप वाढायचा आणि पाऊस बरा झाला की आपोआप उतरायचा. कुठल्याही मंत्र्याला पॅकेज जाहीर करावे लागत नव्हते.

जुलै 2024 मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेबद्दल राजकारण बाजूला ठेवून बोलतो. महिना 1500 रुपये ज्या घरात जातात त्या घरात ते साठून राहत नाहीत. आणि दर महिन्याला येतात म्हटल्यावर त्यावर हप्ता बेतता येतो. तुमच्याकडे मिक्सर किंवा छोटा फ्रीज हप्त्याने घेणाऱ्या बायकांची संख्या वाढली का, हे तुम्ही मला सांगा. पण राज्याची तिजोरी एकच आहे. एका हाताने दीड हजार देताना दुसऱ्या हाताने कंत्राटदाराचे बिल वर्षभर अडकले, तर तो कंत्राटदार मुकादमाला थकवतो, मुकादम मजुराला. संपाच्या काळातली तीच बोटे दाखवण्याची साखळी. माझे ठाम मत आहे की कोणत्याही सरकारला मागणी वाढवायची असेल, तर पहिले काम थकलेली बिले चुकती करण्याचे. त्यासाठी नवी योजना लागत नाही, उद्घाटन लागत नाही. कदाचित म्हणूनच ते मागे पडते.

प्राप्तिकराचे थोडक्यात. नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंत कर शून्य झाला. नेमके 12 लाख उत्पन्न असणाऱ्याचे वर्षाला 80,000 वाचले, महिन्याला साडेसहा हजारांच्या वर. मुंबईत या उत्पन्नाच्या घरात गृहकर्ज असते, मुलांची फी असते आणि आता म्युच्युअल फंडातली दरमहाची एसआयपीही असते. वाचलेले पैसे आधी तिकडे वळतात. माझ्या स्वतःच्या मुलाने काय केले? एसआयपी दोन हजारांनी वाढवली आणि मला अभिमानाने सांगितले. बाप म्हणून बरे वाटले, पण तुमच्या दुकानाला त्याचा उपयोग नाही.

आता व्याजदर, माझा खरा प्रांत. फेब्रुवारी ते जून 2025 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने देते तो, 6.50 टक्क्यांवरून 5.50 वर आणला आणि डिसेंबरात 5.25 वर. फोर्टातल्या शहीद भगतसिंग मार्गावर, रिझर्व्ह बँकेच्या मुख्यालयात, निर्णय झाला की तो तुमच्या गिऱ्हाइकाच्या खिशात यायला मध्ये एक चाळण लागते, आणि ती कशी चालते हे बँकेबाहेरच्या फार थोड्यांना माहीत असते. वीस वर्षांचे 50 लाखांचे गृहकर्ज घ्या. 8.5 टक्क्यांनी हप्ता 43,391 रुपये, 7.5 टक्क्यांनी 40,280. म्हणजे दरमहा 3,111 रुपये हाती यायला हवेत. पण व्याज कमी झाले की बँका सहसा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात. या उदाहरणात मुदत 240 महिन्यांवरून 204 च्या आसपास येते. कर्जदाराचा फायदाच आहे, पण तो तीन वर्षांचा फायदा वीस वर्षांच्या शेवटी मिळतो. आज, या महिन्यात, त्याच्या हातात एक रुपयाही जास्त येत नाही. हप्ता कमी करून हवा की मुदत, असा पर्याय कर्जदाराला द्यायला रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये बँकांना सांगितले, पण त्यासाठी अर्ज करायला शाखेत कितीजण येतात? हा नियम येण्याआधी, मी असताना, हप्ता कमी करून मागणारे तरी फार नव्हते.

आणि व्याज उतरल्याने ज्याचे उत्पन्न घटते तोही गिऱ्हाईकच आहे. तुमच्या भागात मुदत ठेवींच्या व्याजावर घर चालवणारे निवृत्त लोक कमी नाहीत. दर एक टक्क्याने उतरला की 20 लाखांच्या ठेवीवर वर्षाला 20,000 गेले. या बाजूचा हिशेब मागणीच्या चर्चेत कोणी मांडत नाही. मीही स्वतः ठेवीदार झाल्यावरच मांडू लागलो.

कंपन्यांना दिलेल्या सवलतीचे उदाहरण 20 सप्टेंबर 2019 चे. कंपनी कराचा मूळ दर 30 वरून 22 टक्के झाला. सरकारच्याच अंदाजाने 1.45 लाख कोटींचा महसूल सोडला. पण त्या तिमाहीत कारखान्यांची वापरातली क्षमता 70 टक्क्यांच्याही खाली होती. दहातली तीन यंत्रे झाकून ठेवलेली असताना अकरावे कोण घेईल? माझ्या ओळखीच्या एका मध्यम कारखानदाराने वाचलेल्या करातून आमचे कर्ज फेडले. बँकेला आनंद झाला, बाजारात काही हलले नाही. गिऱ्हाईक नसताना उत्पादकाला दिलेली सवलत अशी परत बँकेतच येते.

मग सरकारने सढळ हाताने वाटावेच असे म्हणावे, तर त्याचीही किंमत आपण मोजली आहे. 2008 च्या जागतिक संकटानंतर डिसेंबर 2008 ते फेब्रुवारी 2009 दरम्यान तीन पॅकेजे आली, उत्पादन शुल्क उतरले, सेवा कर उतरला. त्याआधीच शेतकऱ्यांची कर्जमाफी आणि सहावा वेतन आयोग झालेला होता. केंद्राची तूट जीडीपीच्या 2.5 टक्के धरली होती, ती 6 टक्क्यांच्या आसपास गेली. मागणी उठली, वाढीचा दरही उठला. पण सवलती वेळेवर परत घेतल्या नाहीत, पुरवठा तितक्या वेगाने वाढला नाही, आणि महागाई दोन आकड्यांत शिरली. मार्च 2010 पासून दीड वर्षात रिझर्व्ह बँकेने 13 वेळा दर वाढवले. आमच्या शाखेत त्या काळात गृहकर्जाच्या मुदती वाढत वाढत कर्जदाराच्या निवृत्तीच्या पलीकडे गेल्या होत्या.

तुमच्या धंद्यात आणखी एक गळती आहे, ती तुम्ही स्वतः रोज पाहता. 'नो कॉस्ट ईएमआय'. गिऱ्हाईक आज फ्रीज नेतो, पण पुढच्या बारा महिन्यांचा त्याचा खर्चाचा वाव तुम्ही आजच विकलेला असतो. शहरी घरांनी कोविडनंतर असे खूप विकले. असुरक्षित, म्हणजे तारण नसलेली कर्जे इतकी वाढली की नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेला त्यांवरचे जोखीम-भार (ज्यावरून बँकेने कर्जामागे किती भांडवल ठेवायचे ते ठरते) वाढवून बँकांचा हात आवरावा लागला. ज्याचे तीन हप्ते चालू आहेत, त्याला चौथी वस्तू कितीही स्वस्त करा, तो किंमत विचारून जाईल.

आता तुमची मर्यादा. 2025 चा उन्हाळा आठवा. 26 मे ला मुंबईत पाऊस दाखल झाला, आजवरच्या नोंदींत सगळ्यात लवकर, आणि ज्यांनी कर्ज काढून एसी भरले होते त्यांचा माल गोदामात राहिला. प्राप्तिकर घटला, व्याजदर घटले, पण ढगांपुढे काही चालले नाही. त्यातून दिवाळीला ज्यांनी स्वस्ताईत एसी घेतला ते या उन्हाळ्यात येणार नाहीत. म्हणून मर्यादा वाढवून घ्या, पण मार्चच्या पहिल्याच आठवड्यात पूर्ण उचलू नका. व्याज उचललेल्या रकमेवर लागते. प्रक्रिया शुल्क आणि न वापरलेल्या मर्यादेवर काही आकार आहे का ते आधी विचारा. पंखे आणि कूलर भरा, एसी कंपनीच्या वितरकाकडून पंधरा-पंधरा दिवसांच्या हिशेबाने उचला, दोन पैसे महाग पडले तरी.

त्याआधी एक काम करा. जुने मंजुरीपत्र काढून तुमचा व्याजदर कशाला जोडलेला आहे ते पाहा. ऑक्टोबर 2019 नंतरची सूक्ष्म आणि लघू उद्योगांची बदलत्या दराची नवी बँक कर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा त्यांचा दर बदलावा लागतो. तुमचे खाते त्याआधीचे असेल, तर ते कदाचित अजून जुन्या एमसीएलआरवरच, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या निधीच्या खर्चावरून ठरणाऱ्या दरावरच असेल आणि रेपोत झालेली सव्वा टक्क्याची कपात तुमच्यापर्यंत पुरती आलेलीच नसेल. ते पत्र घेऊन शाखेत जा आणि वाढीव मर्यादेचा अर्ज देण्याआधी खाते रेपोवर वळवून मागा.